खरा आकडा

आमच्या केम गावात कुणालाही "कसं काय चाललंय?" असं विचारा, उत्तर ठरलेलं असतं. "बरं चाललंय." बागेची पट्टी चांगली आली तरी बरं चाललंय, आणि तेल्या रोग येऊन बाग मुळासकट काढावी लागली तरीही बरंच चाललेलं असतं. कमाईचा थांग लागू द्यायचा नाही, एवढंच या उत्तराचं काम. आकडा विचारायचा नसतो आणि कुणी विचारलाच तर सांगायचा नसतो. समोरच्याने तो घराच्या नव्या रंगावरून, दारातल्या गाडीवरून आणि पोरीच्या लग्नात किती पंगती उठल्या त्यावरून काढायचा असतो. तो बहुधा दुपटीने चुकतो आणि त्यामुळे कुणाचंच काही बिघडत नाही.

पण आकडा सांगायची वेळ येतेच. तेव्हा तो ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून सांगतात. सोयरीक जमत असली की दहा एकर बागायत, बारमाही पाणी आणि "तसं बघाया गेलं तर वर्साला पंधराएक लाख कुठं गेलं न्हाईत". त्याच घरातलं पोरगं शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलं की तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर एवढा बारीक आकडा येतो, की या माणसांनी दोन वेळचं जेवण कसं भागवलं याचं नवल वाटावं. बँकेत कर्ज मागताना आकडा फुगतो, मेव्हणा उसने मागायला आला की आटतो. घरधनिणीला सांगायचा आकडा वेगळा, आणि स्वतःला सांगायचा तर सगळ्यांहून वेगळा, कारण त्यात न आलेले पैसेही धरलेले असतात. यातला कुठलाच आकडा लबाडीचा आहे असं सांगणाऱ्याला वाटत नाही. प्रसंग तसा आकडा, इतकंच.

नोकरी होती तोवर मी या खेळात कधी उतरलोच नाही. शेती-औषधांच्या एका कंपनीत मी बरीच वर्षं काढली. पगार कंपनी ठरवायची, कापायचं ते कंपनी कापायची आणि वर्षाअखेरी फॉर्म १६ हातात ठेवायची. माझी कमाई किती हे मला दुसऱ्याने सांगायचं, असा तो सुखाचा काळ. गावातल्या ज्यांना माझं नाव धड ठाऊक नव्हतं, त्यांनाही माझा पगार ठाऊक होता. मग २०२४ साली मी नोकरी सोडली आणि स्वतःचा सल्ल्याचा व्यवसाय सुरू केला. मालक मी, नोकर मी, शिपाईही मीच.

सल्ला कसला, तर डाळिंबाचा आणि केळीचा. आमच्या सोलापूर जिल्ह्यात हा धंदा चांगला रुजला आहे. केगावला २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. आमच्याच करमाळा तालुक्यातल्या कंदरची केळी उजनीच्या पाण्यावर वाढून आखाती देशांत जातात. एवढ्या बागा म्हटल्यावर त्यांना वैद्यही हवेत. कृषी पदवी घेतलेली माणसं मोटारसायकलवर टांग टाकून प्लॉट बघत हिंडतात. बहार कुठला धरायचा, ताण किती दिवस द्यायचा, पानगळ कधी करायची, छाटणीनंतर पहिली फवारणी कशाची, याचं शेड्यूल लिहून देतात. फी एकरावर, बहारावर ठरते. शेतकरी आम्हाला डॉक्टर म्हणतात आणि पहाटे पाचला फोन करतात, त्यामुळे ती पदवी खोटी वाटत नाही.

तसं केम हे सल्ल्याचं गाव नव्हे, कुंकवाचं. हळदीच्या या लाल पुडीसाठी केमचं नाव दूरवर माहीत आहे. आमच्या कारखान्यांतलं कुंकू पंढरपूर, तुळजापूरच्या दुकानांत जातं आणि तिथून कुठल्या कुठल्या कपाळांवर पोचतं. या कुंकवावर जीएसटी नाही. सल्लागाराच्या फीवर साधारणपणे आहे, तोही १८ टक्के. मात्र वर्षाची जमा २० लाखांच्या आत असली तर नोंदणीची सक्ती नाही. माझा सल्ला अजून कुंकवाच्या पंगतीला बसलेला आहे, आणि तिथून तो लवकर उठेल अशी चिन्हं नाहीत.

एकट्याने सल्ल्यावर पोट भरण्याची या भागातली परंपरा मात्र जुनी आहे. केमहून सोलापूरकडे निघालं की थोड्याच वेळात कुर्डुवाडी जंक्शन येतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनिअर जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला होता. ती सोडून त्याने सल्लागार इंजिनिअर म्हणून स्वतःचा व्यवसाय थाटला आणि अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे उभी केली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावू लागली. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली आणि वारकऱ्यांच्या पिढ्या तिच्यातून विठोबाला जाऊन आल्या. याच कॅलथ्रॉपने उतारवयात विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवण्याचा ध्यास घेतला. चरित्रकार त्याची कारणं काहीही देवोत. पक्की नोकरी सोडून स्वतंत्र धंद्यात उडी घेतलेल्या माणसाला पॅराशूट सुचावं, यात मला तरी नवल वाटत नाही.

धंद्याच्या नावाने बँकेत खातं काढायला गेलो, तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी आहे हे सिद्ध करणं सोपं आणि माझा धंदा आहे हे सिद्ध करणं अवघड. कायद्याच्या लेखी आम्ही दोघं एकच. पॅन एक, सही एक, तोटा झाला तर झोप उडते तीही एकाचीच. पण बँकेला दोन कागद हवे होते. उद्यम नोंदणी फुकट आणि घरबसल्या झाली. दुकाने-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात तेव्हा दहापेक्षा कमी माणसं कामाला असली की नुसती सूचना द्यावी लागायची, तीही दिली. कामगारांची संख्या या रकान्यापाशी क्षणभर थांबलो. घरच्यांना विचारलं. "माझं नाव घालू नका, पगार मागीन," असं उत्तर आलं. शून्य लिहिलं. मग व्यवसाय कराची नोंदणी झाली. सल्ला देणाऱ्याला तो वर्षाला २,५०० रुपये पडतो. पेशवाईत तेली, साळी, दुकानदार यांच्यावर मोहतर्फा नावाचा कर होता, हे शाळेत वाचलं होतं. आपण कुठल्या रांगेत येऊन उभे राहिलो ते त्या दिवशी नीट समजलं.

पुढचा प्रश्न फीचा. फी ठरवताना शेतकरी उदार असतो, देताना धोरणी. "पट्टी आली की देतो, डॉक्टर." व्यापाऱ्याकडून मालाची पट्टी येते तेव्हा दुकानदाराची उधारी, सोसायटीचं कर्ज आणि मुकादमाची उचल अशी रांग लागलेली असते आणि त्या रांगेत सल्लागार शेवटून पहिला. औषध दिसतं, खत दिसतं, मजूर तर दिसतोच. सल्ला हवेत बोललेला असतो, त्याचे पैसेही हवेतच फिरतात. काही जण फीच्या जागी डाळिंबाचा क्रेट पाठवतात. एका आजींनी तर "बाग वाचिवली माझी" म्हणून ज्वारीचं पोतं घरी पाठवून दिलं.

त्या पोत्याकडे बघताना बलुतेदारांची आठवण झाली. सुतार, लोहार, कुंभार हे गावचे खरे पहिले स्वतंत्र व्यावसायिक. सुगी झाली की खळ्यावर त्यांचं बलुतं मापून दिलं जायचं. ते साऱ्या गावासमोर व्हायचं. लोहाराला किती पायल्या मिळाल्या हे लोहाराच्या आधी शेजारच्याला ठाऊक असायचं. त्या व्यवस्थेतली उच्चनीच आणि अडवणूक कुणी परत मागणार नाही, मागूही नये. पण कमाई लपवायची सोय तिच्यात नव्हती, हेही खरं. खळं गेलं, रोख पैसा आला, तेव्हापासून ज्याची कमाई त्याच्या मुठीत. मग मूठ उघडून दाखवा म्हणणारं कुणीतरी लागणारच. ते काम आयकर खात्याकडे आलं.

माझी मूठ उघडायला सुरुवात झाली बँकेच्या उताऱ्यापासून. नवं खातं उघडलं तरी लोकांच्या मोबाइलमध्ये माझा जुनाच नंबर होता आणि पैसे जुन्याच, घरगुती खात्यावर येत होते. वर्षाचा उतारा छापून पुढ्यात घेतला आणि डायरीशी ताडून बघायला बसलो. पैसे देणारा शेतकरी साठीचा, पण फोन नातवाचा, त्यामुळे उताऱ्यावर नाव नातवाचं. 'प्रिन्स' म्हणून कुणीतरी दोन हजार पाठवले होते. माझ्या डायरीत एकही राजपुत्र नव्हता. कुणाची फी यायची बाकी आहे ते बघत एकेकाला फोन लावला, तेव्हा वाशिंब्याकडच्या एका अण्णांच्या धाकट्या पोराने स्वतःला ही पदवी देऊन घेतल्याचं उघड झालं. देवगिरीच्या किल्ल्यात जनार्दनस्वामींच्या हिशेबातली एका पैची चूक रात्रभर जागून एकनाथांनी शोधली आणि आनंदाने टाळी वाजवली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. त्या आनंदाची जात कुठली असते ते मला प्रिन्स सापडल्यावर कळलं. टाळी वाजवली नाही, घरात सगळे निजले होते.

उताऱ्यातली खरी गंमत वेगळीच होती. आलेला प्रत्येक रुपया माझा नव्हता. मंडळाच्या वर्गणीचे पैसे माझ्या नंबरवर जमा झाले होते. चुलतभावाने उसने घेतलेले परत केले होते. आईच्या पंढरपूरच्या वारीसाठी बहिणीने पाठवलेले होते. भावाचं उसाचं बिल दोन दिवस माझ्याकडे मुक्कामाला येऊन गेलं होतं. हिरव्या पेनाने माझं, लाल पेनाने दुसऱ्याचं, अशा खुणा करत गेलो. उतारा संपला तेव्हा लाल खुणा हिरव्यांपेक्षा जास्त होत्या. वर्षभर मोबाइल टिंग करून वाजला की आपण कमावतोय असं वाटायचं. त्यातला निम्म्याहून जास्त नाद दुसऱ्यांच्या पैशांचा होता.

हे सगळं घेऊन आयकराचं रिटर्न भरायला कुर्डुवाडीला सीएंकडे गेलो. सोबत पावत्यांची पिशवी होती. पेट्रोल, पंक्चर, झेरॉक्स, जेऊरच्या हॉटेलातला चहा, काही सोडलं नव्हतं. सीए मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. पिशवीत न बघताच त्यांनी ती बाजूला ठेवली. "काका, हे लागत नाही. तांत्रिक सल्लागाराला कलम ४४एडीए आहे. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असली की त्यातली निम्मी उत्पन्न म्हणून दाखवायची. उरलेली निम्मी खर्चात गेली असं सरकार धरून चालतं." निम्म्यापेक्षा कमी उरलं म्हणायचं असेल तर मात्र वह्या ठेवा, ऑडिट करून घ्या. रोखीने घेतलेले पैसे पाच टक्क्यांच्या आत असले तर मर्यादा ७५ लाखांपर्यंत जाते, असंही त्या म्हणाल्या. ते मी अदबीने ऐकून घेतलं, हिमालयाची उंची ऐकतात तसं.

घरी येऊन हे सांगितलं, तर बायको म्हणाली, "तुम्ही निम्मे पैसे उडवता हे सरकारला कुणी सांगितलं?" २०१६ च्या अर्थसंकल्पात आलेली ही तरतूद तिला पहिल्या फटक्यात पटली, एवढी कायद्याची कलमं क्वचित पटत असतील. गावातल्या कुंकवाच्या व्यापाऱ्याला हाच हिशेब वेगळा लागतो. त्याच्या शंभरातले सहा किंवा आठ रुपये नफ्याचे धरतात, माझ्या शंभरातले पन्नास. सल्ल्याला कच्चा माल लागत नाही असं सरकारचं मत दिसतं. भर उन्हात बांधाबांधाने हिंडणाऱ्या मोटारसायकलचं मत कुणी विचारलेलं नाही.

उधारीचं काय, हाही प्रश्न होता. मॅडम म्हणाल्या, रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवलाय ना, मग जे हातात आलं तेवढंच जमेला. बुडालेल्या, लोंबकळलेल्या फीची माझी यादी चांगली दोन पानांची होती. ती त्यांनी सौजन्याने परत दिली. इतके महिने ती रक्कम मी मनातल्या मनात श्रीमंतीत धरत होतो. एका वाक्यात गरीब झालो, पण हलकंही वाटलं.

ज्याच्या बागेवर मी फी कमावतो, त्या शेतकऱ्याला मात्र हा रिटर्नचा फॉर्म नाही. एकाच बांधावर आम्ही दोघं उकिडवे बसतो. त्याच्या डाळिंबाच्या लाखांना कर नाही, ते डाळिंब कसं पिकवायचं हे सांगणाऱ्या माझ्या हजारांना आहे. हा भेद जुना आहे. १८५७ च्या उठावात रिकामा झालेला खजिना भरायला जेम्स विल्सन यांनी १८६० साली आयकर आणला. त्या कायद्याची तारीख २४ जुलै, म्हणून तो आयकर दिवस. आमच्या भागात आगगाडीचे रूळ पडले तेही याच सुमाराला. एकाच साहेबाने एका हाताने गाडी दिली आणि दुसऱ्या हाताने तिकीट फाडलं. विल्सन ऑगस्टमध्येच कलकत्त्यात वारले, कर मात्र जगला. पुढे १८८६ च्या कायद्याने शेतीचं उत्पन्न वगळलं, ते आजतागायत. हे मी एका बागायतदाराला सांगितलं. तो म्हणाला, "मग तुम्ही बी लावा की बाग. तेल्या आला म्हंजी कळंल, कर परवडला का माफी." यावर माझ्याकडे शेड्यूल होतं, उत्तर नव्हतं.

फॉर्म उघडला, तर आणखी एक अचंबा पुढे. केळी निर्यात करणाऱ्या एका कंपनीसाठी मी शेतकऱ्यांची शिबिरं घेतली होती. त्यांनी दहा टक्के टीडीएस कापून उरलेलं दिलं होतं. ते कापलेले ८,००० रुपये गेले, असं मी समजून चाललो होतो. पण फॉर्म २६एएसमध्ये ते माझ्या पॅनवर, माझ्या नावाने जमा होते. मंगळवेढ्याचे दामाजीपंत आमच्याच जिल्ह्यातले. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं लोकांना मोकळी करून दिली. बादशहापुढे जाब द्यायला निघाले, तर विठू महार होऊन पांडुरंगाने बेदरला आधीच रक्कम भरलेली आणि पावती पंतांच्या पोथीत. आपल्या नावचा भरणा आपल्या आधी कुणीतरी करून ठेवलेला बघून पंतांना काय वाटलं असेल याची थोडी कल्पना आली. फरक एवढाच, की त्यांनी पुढे नोकरी सोडून भक्ती धरली आणि मी परताव्यासाठी बँकेचा आयएफएससी कोड टाकला.

व्यवसायाचं नाव, कोड, निर्धारण वर्ष हे रकाने मॅडमनी भराभर भरले. कमाई २०२४-२५ ची आणि निर्धारण वर्ष २०२५-२६ हा घोळ १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात एकाच कर वर्षाने मिटवला आहे, पण माझं पहिलं रिटर्न जुन्या घोळातच गेलं. शेवटी त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. जमा ६,४०,०००. उत्पन्न ३,२०,००० आणि बँकेचं थोडं व्याज. ७ लाखांच्या आत म्हणून कर शून्य. कापलेले ८,००० परत. "बरोबर आहे ना काका? सबमिट करू?"

नोकरीत असताना असं कुणी विचारलं नव्हतं. तिथे आकडा वरून यायचा. इथे तो माझा मला सांगायचा होता, आणि ऐकणारा असा भेटला होता ज्याला मुलगी द्यायची नव्हती, उसने मागायचे नव्हते, माझा हेवा करायचा नव्हता की कीव. त्याच्यापुढे आकडा फुगवायचं कारण नव्हतं, कारण फुगवला तर कर माझाच वाढणार. आणि आटवायला जावं तर हिरव्या खुणांचा उतारा पुढ्यात होता. आयकरापोटी सरकारला माझ्याकडून एक रुपयाही मिळाला नाही. मला मात्र माझी कमाई कळली, आणि ती मनातल्या आकड्यापेक्षा बरीच लहान निघाली. गंमत म्हणजे त्याने वाईट वाटलं नाही. लहान का असेना, तो माझा होता, प्रिन्ससकट ताडून बघितलेला. पुढच्या वर्षी फी किती घ्यायची, कुणाला नाही म्हणायचं, कुठला लांबचा प्लॉट सोडायचा, हे त्या एका आकड्यावरून मला भराभर दिसू लागलं. शेतकऱ्यांना मी सांगत असतो, आधी माती तपासा, मग खताचं बोला. स्वतःची माती पहिल्यांदाच तपासली गेली होती.

परतावा खात्यावर आला, तेव्हा सरकारकडून पैसे परत येतात यावर गावातल्या उत्तरेश्वराच्या देवळाबाहेर बसलेल्यांपैकी कुणाचाच विश्वास बसला नाही. मोबाइल हातोहात फिरला. मग एकाने विचारलंच, "पर डॉक्टर, खरं सांगा, वर्साला पडत्यात तरी किती?"

म्हटलं, आता लपवायचं काय. "सहा लाख चाळीस हजार जमा. त्यातले निम्मे खर्चात. राहतात तीन लाख वीस."

कुणी काही बोललं नाही. ज्याने विचारलं होतं त्याने माझ्याकडे दुखावल्यासारखं बघितलं. "आवं, सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या की. आम्ही काय वाटंकरी हाय का?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या हिशेबाने मी पंधरा लाखांच्या खाली नव्हतो, आणि चारचौघांत बसून असा धडधडीत हात आखडावा हे त्यांना बरं वाटलं नाही.

मंडळी पांगल्यावर तो माणूस मागे थांबला. बाजूला घेऊन म्हणाला, "ते जाऊ द्या. पन्नास हजार हुत्याल का हातउसनं? पट्टी आली की देतो." गेल्या बहाराची माझी फी अजून त्याच्याकडेच बाकी आहे. पण ती रोखीच्या हिशेबात धरायची नसते, हे मला आता पक्कं माहीत आहे.